चंद्रानं ओढलेला धुरा

आसेगावच्या जगदेवरावांना एखादी गोष्ट माहीत नाही, असं गावानं कधी ऐकलं नव्हतं. मोबाइलवर वावर मोजायचं अॅप आलं, तेव्हा तर ते गावाचे बिनपगारी मोजणीदारच झाले. फोन छातीशी धरून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, असे चालत, जणू जमीन त्यांच्या पायाखालीच तयार होते आहे.

दर पेरणीआधी ते स्वतःचं वावर मोजत आणि दर वेळी धुरा थोडा पूर्वेला सरकवत. पूर्वेला कस्तुराबाईचं वावर. एकटी बाई, शेती स्वतः करायची. तिनं पारावर हटकलं, तोवर जगदेवरावांनी एक व्हिडिओ पाहून ठेवला होता.

"कस्तुराबाई, रस्ता दाखवनारे उपग्रह असतात न वर, त्याईले चंद्र-सूर्य वढत राह्यतात. वर्सानुवर्सं वढलं का गोल कक्षा लांबोळी होते. मेलेले उपग्रह वरच्या कक्षेत नेऊन टाकतात, तेबी पुन्हा जित्या उपग्रहाईच्या वाटेत येऊ शकतात. वरच्याईचाच ठिकाना नाई, तं खालचा धुरा जागेवर कसा राहीन?"

"मंग तो चंद्र धुरा माह्याच वावरात काहून ढकलते, भाऊ? एखांद्या साली तुमच्या वावरात ढकलू द्या न!"

"तुले विज्ञान समजत नाई," जगदेवराव म्हणाले. पारावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. विज्ञान त्यांनाही समजत नव्हतं, पण उन्हाळ्यात जगदेवरावांच्या विहिरीचं पाणी लागायचं.

कस्तुराबाईनं सरकारी मोजणी मागवली. भूकरमापक वर्षाराणी काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन आली. तेही उपग्रहांवरूनच जागा ठरवतं, हे कळल्यावर जगदेवराव खूश झाले. त्यांनी तिलाही अख्खा व्हिडिओ तोंडपाठ ऐकवला.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरोबर आहे काका, कक्षा बदलतात. म्हणूनच जमिनीवरची केंद्रं त्यांच्यावर सतत नजर ठेवतात. उपग्रह आत्ता नेमका कुठं आहे, ते त्याच्याच संदेशातून यंत्राला कळतं. तो हिशोब धरूनच आम्ही मोजतो. उपग्रह सरकला म्हणून धुरा सरकत नाही. धुऱ्याला ट्रॅक्टर लागतो."

मोजणी पाहायला आलेली पारावरची तीच मंडळी आता पोट धरून हसली.

खुणेचे दगड पश्चिमेला रोवले गेले आणि जगदेवरावांचा नवाकोरा पत्र्याचा गोठा कस्तुराबाईच्या हद्दीत निघाला. "पाडून टाकतो," ते घुश्शात म्हणाले.

"पाडता कायले? राहू द्या. माह्या म्हशीले सावली पायजेच होती."

महिनाभर जगदेवराव त्या बाजूला फिरकले नाहीत. मग विज्ञान दिन आला. शाळेनं प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनाच बोलावलं. हार घालून ते उपग्रहांच्या बदलत्या कक्षांवर तासभर बोलले. केंद्रं नजर ठेवतात, तेवढं मात्र गाळलं. भाषण फार माहितीपूर्ण झालं, असं मुख्याध्यापक म्हणाले. कस्तुराबाईला कोणी बोलावलं नव्हतं. ती वावरात कापणीला आलेला हरभरा सोंगत होती.