टनोबाचे अठ्ठ्याऐंशी किलो

गोदामांची रांग संपते आणि भंगाराची यार्डं सुरू होतात, तिथे ट्रक तोलायचा मोठा काटा आहे. रस्त्याच्या पातळीत बसवलेला लोखंडी फलाट, शेजारी काचेच्या खिडकीची एक खोली, आणि त्या खोलीत बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेला एक माणूस. ड्रायव्हर त्याला टनोबा म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण ज्याने ठेवलं त्याची नजर पक्की असणार. टनोबा उठला की आधी खुर्ची हुश्श करायची, मग तो.

काम सोपं होतं. भरलेली गाडी आली की आकडा घ्यायचा, ती रिकामी होऊन आली की पुन्हा घ्यायचा, पहिल्यातून दुसरा वजा केला की माल. पावती खिडकीतून सरकवायची. या वजाबाकीवर टनोबाची श्रद्धा होती. माणसं थापा मारतात, काटा मारत नाही, असं तो कुणी न विचारता सांगायचा. लबाड ड्रायव्हरही त्याने चिक्कार पाहिले. मालाखाली पाण्याची पिंपं दडवायची, भरलेली गाडी तोलून झाली की पिंपं वाटेत ओतायची, म्हणजे तेवढं पाणी मालाच्या भावाने खपलं. टनोबा खोलीतून बाहेर यायचा, गाडीला एक चक्कर मारायचा, वाकून खाली बघायचा. कुठे ठिबकताना दिसलं की गाडी परत. "पाण्याचं वजन म्हणजे खोटं वजन, राजा," एवढंच म्हणायचा. भांडण नाही, तंटा नाही.

असा हा सुखी माणूस. लग्न राहून गेलं होतं, त्याचंही त्याला फारसं काही वाटत नव्हतं. आई-वडील गेले तेव्हा बहीण अकरा वर्षांची होती, तिला वाढवता वाढवता स्वतःचं वय निघून गेलं. बहीण मोठी झाली, कपड्यांच्या एका दुकानात आल्टरेशनच्या कामाला लागली. लोकांच्या कमरा आत घ्यायच्या, लांब बाह्या आखूड करायच्या. दोघं एकाच घरात राहत. ती त्याला चिडवायची, "दादा, तुझ्या पँटमधून माझे तीन स्कर्ट निघतील." तो म्हणायचा, "काढ की."

मग तिच्या पायांवर सूज आली आणि ती उतरेचना. तपासण्या झाल्या आणि कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत. वय एकोणचाळीस. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जायचं, चार-चार तास मशीनला जोडून घ्यायचं, घरी येऊन ओल्या फडक्यासारखं पडून राहायचं. दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाणी, त्यातच चहा, त्यातच औषधांच्या गोळ्या. दर खेपेला मशीनच्या आधी तिचं वजन करत आणि नंतरही करत. जेवढा फरक, तेवढं अंगात साठलेलं पाणी निघालं. टनोबाला ही वजाबाकी पहिल्याच दिवशी समजली आणि नर्सला वाटलं, माणूस शिकलेला दिसतोय.

नवी किडनी मिळाली तर बहीण वाचणार होती. यादीत नाव लावलं, पण यादी लांबलचक. टनोबाचं रक्त तपासलं, ते जुळलं. त्या दिवशी तो हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून रडला, आनंदाने. डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याला वजनाच्या यंत्रावर उभं केलं. एकशेचार.

"एवढ्या वजनावर तुमचं ऑपरेशन मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि मागे उरेल ती एकच किडनी तुम्हाला आयुष्यभर पुरायची आहे. अठ्ठ्याऐंशीच्या आत या. सहा महिने घ्या."

"एवढंच?" टनोबा म्हणाला. "कमी टाकायचं, म्हणजे कमी भरेल. माझा धंदाच आहे तो."

आणि खरंच, सुरुवातीला तसंच झालं. जेवण निम्मं केलं, गोड सोडलं, रात्री नुसतं सूप. दोन महिन्यांत नऊ किलो गेले. बहिणीने शिलाई मशीनवर बसून त्याच्या दोन्ही पँट कमरेत आत घेतल्या. तिच्या अंगात ताकद नव्हती, पण ते काम तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. ड्रायव्हर म्हणाले, "टनोबा, आता तुम्हाला क्विंटलोबा म्हणायचं का?" टनोबा हसला. त्याने मनात हिशेब मांडला. महिन्याला साडेचार, म्हणजे चौथा महिना संपायच्या आत अठ्ठ्याऐंशी. हॉस्पिटलचा फॉर्म त्याने भरूनसुद्धा ठेवला.

तिसऱ्या महिन्यात काटा अडला. चौऱ्याण्णव पूर्णांक सहा. पुढच्या आठवड्यात चौऱ्याण्णव पूर्णांक आठ. त्याच्या पुढच्या आठवड्यात पूर्णांक पाच, मग पूर्णांक नऊ. टनोबाने जेवण आणखी कमी केलं. तरी ये रे माझ्या मागल्या. त्याला वाटलं हॉस्पिटलचं यंत्र बिघडलंय. त्याने दुकानात जाऊन दुसऱ्या यंत्रावर वजन केलं, मग औषधवाल्याकडच्या तिसऱ्यावर. तिन्ही यंत्रं एकमेकांना सामील असल्यासारखी तेच सांगत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा काट्यावर संशय गेला, आणि चूक काट्याची नव्हती.

हॉस्पिटलात आहार सांगणारी एक मुलगी होती, जेमतेम पंचवीस-सव्वीसची. टनोबा तिच्यापुढे वही घेऊन बसला. वहीत तारीख, वेळ आणि खाल्लेला पदार्थ, सगळं पावतीसारखं लिहिलेलं.

"चहा दिसत नाही यात, काका," ती म्हणाली.

"चहा लिहायचा असतो?"

"किती होतात?"

"ड्रायव्हर लोक आणून देतात. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं."

"किती, काका?"

"आठ. कधी दहा. दोन चमचे साखरेचे."

तिने मान डोलावली, रागावली नाही. मग विचारलं, "घरात कुणाच्या ताटात उरलेलं खाता का?"

मशीनवरून आल्यावर बहिणीला दोन घासांपलीकडे जात नसे. ताटात उरलेलं बघून तिला अपराधी वाटायचं, म्हणून तो काही न बोलता ते ताट आपल्याकडे ओढायचा आणि साफ करायचा. याला खाणं म्हणतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या मते ते भांडी घासण्यापैकी होतं.

"आणि कामावर चालणं होतं?"

"होतं की. प्रत्येक गाडीला चक्कर मारतो," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की मारत नाही. कधी थांबलं कोण जाणे. अंगात त्राणच नसायचं. काच वाजवून ड्रायव्हरलाच खिडकीशी बोलवायचा, दुपारी खुर्चीत डुलक्या काढायचा आणि रात्री बहिणीच्या खोलीकडे कान लावून जागा राहायचा.

मुलीने त्याला समजावलं. "नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं की घरातली बाई काय करते? हंडे भरून ठेवते, अंगण धुणं बंद करते. शरीर तेच करतं, काका. तुम्ही कमी देताय, ते कमी खर्च करतंय. शिवाय तुम्ही आता नऊ किलोंनी हलके आहात, हलक्या अंगाला लागतंही कमी. वर झोप नाही, काळजी आहे, त्याने अंग पाणी धरून ठेवतं, मग गेलेली चरबीही काट्यावर दिसत नाही. आता आणखी कमी खाऊ नका. डाळी, अंडी वाढवा. रोज चाला, थोडे वजन उचलायचे व्यायाम करा, झोपा. हळू उतरेल, पण उतरेल."

"हळू म्हणजे किती?"

"महिन्याला दीड-दोन किलो."

टनोबाने मनातल्या मनात वजाबाकी केली. सहा महिन्यांत बसत नव्हतं. आणि वजन उतरत नाही म्हणून जास्त खा, हा कुठला उफराटा न्याय? पोरगी हुशार असेल, पण तिची बहीण मशीनला जोडलेली नाही, असं तो स्वतःशी म्हणाला. इथे मला त्याचा राग येतो आणि दयाही येते. अख्ख्या हॉस्पिटलात त्या मुलीनेच त्याला खरं ते सांगितलं होतं, आणि त्याने तिला उंटावरची शहाणी ठरवलं.

चहा सोडला. बहिणीचं उरलेलं ताट झाकून ठेवायला लागला. त्याने दोन किलो उतरले, मग पुन्हा गाडी अडली. मग त्याने दुपारचं जेवण बंद केलं. मग रात्रीचं सूपही पातळ केलं. पाचव्या महिन्यात तो दिवसाला एक उकडलेलं अंडं, एक पाव आणि एक काकडी यावर आला. हात गार पडायचे. केस कंगव्यात यायचे. पावतीवर आकडा लिहिताना पेन थरथरायचं. बहीण बघत होती. एकदा तिने त्याची कंबर मोजायला टेप लावली आणि म्हणाली, "दादा, कंबर तेवढीच आहे रे. दंड मात्र गेले तुझे."

"तू टेप नीट धर," तो म्हणाला.

तिकडे तिचंही काही बरं नव्हतं. हाताची शीर, जिथून मशीन जोडायचे, ती दोनदा बंद पडली. मशीनवर असतानाच तिचं ब्लडप्रेशर घसरायला लागलं. डॉक्टरीणबाई आता "बघू" म्हणायला लागल्या होत्या, आणि डॉक्टर "बघू" म्हणतो तेव्हा त्याला काय दिसतंय हे घरच्यांना बरोबर कळतं.

शेवटच्या तपासणीला दोन दिवस उरले. आकडा नव्वद पूर्णांक तीन. आठवडाभर हललेला नाही. टनोबा खोलीत बसून होता. समोर फलाटावर एक ट्रक उभा होता आणि त्याच्या मागच्या चाकाशी काहीतरी ठिबकत होतं. टनोबाने ते पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरला हाक मारायच्या आधी तो विचार करत बसला.

त्या दिवसापासून त्याने पाणी सोडलं. पहिला दिवस जड गेला नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात तापलेल्या खोलीत खिडकी लावून, अंगात जाड कोट घालून बसला. जीभ टाळूला चिकटली. लघवी झाली ती चहाच्या रंगाची. ज्या माणसाने बावीस वर्षं पाण्याची लबाडी पकडली, त्याने ती स्वतःवरच केली, आणि त्याला एका क्षणासाठीही असं वाटलं नाही की आपण कुणाला फसवतोय. त्याला वाटत होतं, आपण बहिणीला वाचवतोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्रावर उभा राहिला. सत्त्याऐंशी पूर्णांक नऊ.

नर्सने टाळी वाजवली. बहिणीने त्याचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. रक्त घेतलं, लघवीची बाटली घेतली. घरी आल्यावर तो बाथरूममध्ये गेला आणि नळाला तोंड लावून प्याला.

दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावलं. डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात कागद होते.

"तुम्ही शेवटचं पाणी कधी प्यायला होतात?"

टनोबा जमिनीकडे बघत राहिला.

"मला कळायला हवं. तुमच्या किडनीचे आकडे वाढलेत. लघवीत प्रोटीन जातंय. रक्त कमी झालंय. सहा महिन्यांपूर्वी तुमची किडनी उत्तम होती. तुमचं वजन तेवढं जास्त होतं."

"दोन दिवस," तो म्हणाला. "दोन दिवस नाही प्यालो."

त्यांनी कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाल्या, "यातलं बरंचसं भरून येईल. पण आज मी ही किडनी कुणालाच देऊ शकत नाही. नीट जेवा, रोज तीन लिटर पाणी प्या, स्नायू परत येऊ द्या. तीन महिन्यांनी पुन्हा सगळं तपासू. वजन थोडं वाढेल, त्याला इलाज नाही."

"तीन महिने ती..." टनोबा म्हणाला.

"ते मी सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचाही नाइलाज होता. तिथे नाइलाज नसलेलं कुणी नव्हतंच.

बाहेर बाकावर बहीण त्याच्या शेजारी बसली. ओठ सुकून भेगाळलेले. ती कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. "मला पाणी प्यायची मनाई आहे, दादा. रात्रंदिवस मी तेच एक स्वप्न बघते. तुला कुणी मनाई केली होती?"

काट्यावर आकडा खरा आला होता आणि सगळं खोटं पडलं होतं, हे तो तिला कसं सांगणार? तो नुसता रडला, आणि अंगात पाणी कमी होतं म्हणून की काय, डोळ्यांतून फारसं काही आलं नाही.

घरी आल्यावर तिने भात टाकला. दोन अंडी फोडली, डाळ केली, आणि भिंतीला टेकत टेकत ताट वाढून आणलं. त्याने घास उचलला आणि तो हातातच राहिला.

"वाढेल ना गं वजन," तो म्हणाला.

"वाढू दे. जेव."

तो जेवला. अख्खं ताट. ती समोर बसून राहिली, एकेक घास मोजल्यासारखी. मग तिने तांब्यातून ग्लास भरला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो हातात घेतला, तिच्याकडे बघितलं आणि परत खाली ठेवला. तिच्या वाट्याचं आजचं पाणी दुपारीच संपलं होतं.

"पी," ती म्हणाली. "तीन लिटर सांगितलंय त्यांनी."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं, म्हणजे त्याला पिता येईल. तो प्याला. रिकामा ग्लास खाली ठेवल्याचा आवाज झाला, तशी तिने न बघताच हात लांब करून तांब्या त्याच्याकडे सरकवला.