इंद्रायणीचं पिवळं कुलूप

बबनराव वाळुंजांनी चाकणच्या एका मोटार कारखान्यात सव्वीस वर्षं वेल्डिंगचे रोबोट सांभाळले. त्या सव्वीस वर्षांतली एकच गोष्ट ते समोरच्याने विचारो न विचारो, सांगत. आत माणूस असताना रोबोट चालू होऊ नये म्हणून पिंजऱ्यात दुरुस्तीला शिरणाऱ्याने स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि ते त्यानेच काढायचं, असा तिथला नियम. एकदा कुलदीप नावाचा फिटर कुलूप तसंच ठेवून कुठे तरी गेला. लाइन थांबली. मोठे साहेब तणतणत आले, "तो बाहेर आहे, मी बघितलंय. कापा कुलूप."

"तुमी बघितलं आसंल सायेब, मी न्हाई बघितलं. त्यो येईल, त्योच काढील," बबनराव म्हणाले.

कुलदीप चाळीस मिनिटांनी आला. बबनरावांना मेमो मिळाला. तो त्यांनी फ्रेम करून काळेवाडीच्या घरात देवघराशेजारी टांगला. बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

निवृत्तीनंतर ते आकुर्डीला सुमनताईंच्या वर्गात मदतीला जाऊ लागले. वर्ग रविवारी सकाळी भरायचा. ऑटिझम असलेली पाच मुलं आणि चेंडू उचलून टोपलीत टाकणारा एक छोटा रोबोटचा हात. रोबोट हे निमित्त होतं. खरा अभ्यास होता तो थांबायचा, विचारायचा, दुसऱ्याला सोबत घ्यायचा. त्यासाठी वर्ग चालवणाऱ्या शिकलेल्या बायकांनी चित्रांचे तक्ते करून पाहिले होते. बबनरावांनी पाच रंगांची पाच कुलपं आणली.

रोबोटच्या हाताला स्पर्श करण्याआधी प्रत्येकाने आपलं कुलूप स्विचला लावायचं, काम झालं की आपलं आपण काढायचं. पाचही निघाल्याशिवाय हात हलणार नाही. मग कुणाला "थांब" म्हणून ओरडावंच लागेना. तेरा वर्षांची स्नेहल फक्त ऐकलेली वाक्यं बोलायची. कुणाचं कुलूप राहिलं, की भिंतीकडे बघत ती बबनरावांच्याच सुरात म्हणायची, "येऊ दे त्याला, वाट बघू."

पिवळं कुलूप नऊ वर्षांच्या इंद्रायणीचं. मोठा आवाज झाला की तिला सोसत नसे. चार महिने ती आईची ओढणी धरून दारातच उभी राहिली. पाचव्या महिन्यात एकदा सरळ आत आली, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेऊन घरी निघून गेली. त्या दिवशी हात हललाच नाही. उरलेली चौघं नटबोल्ट निवडत बसली, कुणी कुरकुर केली नाही. पुढच्या रविवारी ती आली, कुलूप जागच्या जागी पाहिलं, काढलं आणि टेबलाशी बसली. तिची आई वर्षाली जिन्यात जाऊन रडली. आपल्यावाचून अडून राहतं असं काही तरी त्या पोरीला जगात पहिल्यांदाच मिळालं होतं.

मग पाहुणे आले. रोबोटचा हात ज्या कंपनीने दिला होता तिचे साहेब, कॅमेरावाला आणि टाळ्या वाजवायला पंधरा-वीस माणसं. कुलपं लावून झाली होती. साहेबांनी आधी बबनरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि इंद्रायणी कान दाबून टेबलाखाली गेली. चार कुलपं निघाली, पिवळं राहिलं.

दहा मिनिटांत ती बाहेर आली असती. वर्गातल्या सगळ्या मुलांना हे ठाऊक होतं. स्नेहलने तर सांगितलंसुद्धा, "येऊ दे तिला, वाट बघू." कळत नव्हतं ते मोठ्यांनाच.

साहेबांनी हसून घड्याळ पाहिलं. त्यांना विमान गाठायचं होतं. "काका, प्लीज, उशीर होतोय," ते म्हणाले आणि त्यांनी बबनरावांच्या खांद्यावर हात ठेवला. सुमनताई कानाशी कुजबुजल्या, "बबनराव, एकच तर कुलूप आहे."

मेमोला न घाबरलेला हा माणूस शालीपुढे विरघळला. सव्वीस वर्षांत त्यांना कुणी शाल दिली नव्हती, हे मला कळतं. पण म्हणून मी त्यांना माफ करणार नाही, त्यांनीही स्वतःला केलेलं नाही. त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून कटर काढला आणि शाल खांद्यावर असतानाच पिवळं कुलूप कापलं. हात हलला, चेंडू टोपलीत पडला, फोटो निघाला. या मुलांकडून आपण टीमवर्क शिकलं पाहिजे, असं साहेब भाषणात म्हणाले. टेबलाखाली इंद्रायणीच्या मुठीत किल्ली तशीच होती.

घरी जाऊन बबनरावांनी मेमोची फ्रेम उतरवली.

दोन रविवार इंद्रायणी आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, पण दारापर्यंतच. बबनरावांनी नवं पिवळं कुलूप आणलं होतं. तिच्यापुढे उकिडवे बसून ते म्हणाले, "चुकलं माझं, बाळा. आता कुनी न्हाई कापनार." तिने कुलूप घेतलं, लावलं मात्र नाही.

आत काम सुरू झालं. पाचांतला दिग्विजय पाणी प्यायला गेला, त्याचं निळं कुलूप राहिलं. बबनराव सवयीने स्नेहलच्या वाक्याची वाट पाहू लागले.

स्नेहल उठली. त्यांच्या पिशवीपाशी गेली आणि कटर घेऊन आली. दोन्ही हातांनी तो त्यांच्यापुढे धरून, वर्षभरात पहिल्यांदाच तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मऊ, हसऱ्या आवाजात म्हणाली, "काका, प्लीज, उशीर होतोय."

"वा, स्नेहल!" सुमनताईंनी टाळी वाजवली. नजर मिळवली, स्वतःहून बोलली, प्लीजसुद्धा म्हणाली. मुलांच्या प्रगतीच्या वहीत लिहायला त्या लगबगीने शेजारच्या खोलीत गेल्या.

"न्हाई बाळा," बबनराव म्हणाले, "येऊ दे त्याला."

"काका, प्लीज, उशीर होतोय," स्नेहल पुन्हा म्हणाली. कटर तिने खाली घेतला नाही.

दारात इंद्रायणीने हातातलं पिवळं कुलूप आईच्या पर्समध्ये टाकलं, चेन लावली आणि जिना उतरू लागली.