पेटी सीटवर, मी डिकीत

"मावशी, तू मागे डिकीत बस. पेटीला धक्का नको लागायला."

रिया म्हणाली. माझी पत्र्याची पेटी तिने गाडीच्या मधल्या सीटवर ठेवली. एका बाजूला तिची एक मैत्रीण, दुसऱ्या बाजूला दुसरी. वरून पट्टा ओढला आणि खटकन लावला. माझ्या पेटीला सीटबेल्ट. पुढे मॅडम, म्हणजे रियाची आई. गाडी रिया चालवणार. राहिले मी. मला मागे बॅगा आणि शहाळी यांच्यात जागा केली होती.

आणि मी चढले. चोपन्न वर्षांची बाई, लग्नाकार्याला नेसायची जांभळी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा. गुडघे पोटाशी घेऊन डिकीत बसले. वर रियालाच म्हणाले, "ऐसपैस हाय गो. तू नको काळजी करू."

काशीद ते मुंबई. रेवदंड्याच्या पुलावर गचका बसला तेव्हा एक शहाळं मांडीवर आलं. ते लेकरासारखं धरून बसले.

माझी नात हे ऐकून चिडते. "आजी, तू चढलीसच का?"

अगं, नवरी होते ना मी त्या दिवशी. नवरी विचारते का, वरात कुठून निघते ते?

तर वरात कसली, ते सांगते. मुंबईत कॉमिक्सचा मोठा मेळावा भरतो. कन्व्हेन्शन म्हणतात त्याला. मोठा हॉल, हजारो माणसं, पोरं मुखवटे घालून येतात, चित्रकार येतात. रियाच्या खोलीत त्याची पोस्टरं होती. रियाचा काशीदचा बंगला मी एकोणीस वर्षं सांभाळला. चावी माझ्या कमरेला. माझा कप मात्र बेसिनखाली, कान तुटलेला. वेगळा ठेव असं कुणी कधी म्हणालं नाही. तो तिथेच असायचा, आणि मी त्यातच प्यायचे. आमची बौद्धवाडी कुठे आहे हे मॅडमना पहिल्या दिवशीच विचारून घ्यावंसं वाटलं होतं.

रिया चालायला लागली ती माझ्या बोटाला धरून. एकदा तिच्या पोस्टरांवरची धूळ झटकताना मी म्हणाले, "आमच्याकडं टिटवी हाय. सगळी."

ती ताडकन उठली. "टिटवी? ते जुनं मराठी कॉमिक? सगळे अंक?"

सत्तावीस. मी चौदा वर्षांची असताना निघायची. माझे बाबा मुरूडच्या शाळेत शिपाई. दर महिन्याला एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून अंक आणायचे, सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून. टिटवी ओरडली की आमच्या म्हाताऱ्या थुंकायच्या, अपशकुन म्हणून. आणि कुणा पठ्ठ्याने तेच नाव एका पोरीला दिलेलं. काळा मुखवटा, घोटाभर चिखल, आणि गावाला छळणाऱ्यांच्या मागे धावणारी. मी वेडीच झाले. आईचं काळं लुगडं पाठीला बांधून भाताच्या पेंढ्या रचलेल्या उडवीवरून उडी मारली. पुढचा अर्धा दात तिथेच राहिला. उडायचं होतं बाईला! वजन बघावं, वारा बघावा, काही नाही.

सत्ताविसाव्या अंकात खाडीकाठच्या खाजणाचा बांध फुटतो. टिटवीचा पाय दगडाखाली. पाणी गळ्याशी. खाली लिहिलंय, 'पुढील अंकी'. तो अंक आलाच नाही. बाबांनी वर्षभर स्टॉलवर विचारलं. मी चाळीस वर्षं.

ते अंक मी चुलीवरच्या माळ्यावर ठेवले. वालाचं बियाणं ठेवतात तिथे, धुरात. धूर लागला की कसर धरत नाही, वाळवी येत नाही. सासरी आले तेव्हा पेटी बरोबर आणली. घरात गॅस आला तरी पावसाळ्यात पेटीसाठी चूल पेटवायचे. नवरा म्हणायचा, "भात गॅसवर आणि पुस्तकं चुलीवर. शिजली की वाढ."

रिया म्हणाली, "मावशी, टिटवीचे चित्रकार यंदा येणारेत. तू चल. तुझी भेट घालून देते. शप्पथ. पेटी घेऊन ये फक्त."

महिनाभर मी जमिनीवर नव्हते. वाडीत दारोदार सांगितलं. बायका म्हणाल्या, "चित्रांच्या जत्रेला? या वयात, बये?" म्हणू दे. चित्रकारांना काय विचारायचं ते मी भांडी घासताना घोकत होते. साहेब, टिटवी वाचली का? एवढंच. रिया एकदा नाक मुरडून म्हणाली होती, अंकांना वास येतो. म्हणून आदल्या दिवशी मी पावडरीचा अख्खा डबा पानापानांत शिंपडला. अख्खा! गाडीत चौघीजणी मुंबईपर्यंत शिंकत आल्या.

हॉलच्या दारात मनगटाला कागदी पट्टे बांधत होते. चौघींना बांधले. रिया म्हणाली, "मावशी, पट्टे एवढेच मिळाले. तू गाडीपाशी थांब. भेटीच्या वेळी बोलावते."

पेटी आत गेली. मी थांबले, उन्हात. दुपारी फोन आला. मला वाटलं, भेट. रिया म्हणाली, "पाण्याची बाटली गाडीत राहिली. दारावर सांगितलंय, आत घेऊन ये."

आत गेले. स्टेजवर रिया, शेजारी पांढऱ्या दाढीचे म्हातारे गृहस्थ. मागे पडद्यावर टिटवी, घराएवढी. टेबलावर माझे अंक. सूत्रसंचालकाने विचारलं, "हा खजिना कुठे मिळाला?"

रिया माइकवर म्हणाली, "आमच्या बीच हाउसवर. तिथल्या कामवाल्या मावशींकडे पडले होते. मासळी गुंडाळायला वापरत होत्या! वास घ्या, अजून येतो. मी वाचवले."

हॉल हसला.

मी पण हसले.

हे लिहिताना हात थांबतो. पण लिहिते. सगळे हसले म्हणून मी हसले, अर्धा दात दाखवून. माझ्या बाबांनी पोटाशी धरून आणलेल्या अंकांवर.

त्या म्हाताऱ्यांनी मात्र अंक उचलला. नाकाशी नेला. म्हणाले, "मासळी नाही ही. पावडरीखाली चुलीचा धूर आहे. माझी आई बियाणं असं ठेवायची. कुणीतरी जीव लावून जपलंय. कुठे असतात त्या बाई?"

रिया म्हणाली, "गावाला असतात."

मी दहा पावलांवर होते. हातात तिची बाटली. आणि मी काय केलं? खांबामागे लपले. रिया खोटी पडू नये म्हणून. टिटवीची भक्त म्हणे! उडवीवरून उडी मारणारी ती अर्धवट पोर माझ्यापेक्षा शहाणी होती. तिने दात तरी दिला. मी जीभही हलवली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या गाडीपाशी आल्या. रियाने पेटी पुन्हा सीटवर ठेवली, पट्टा लावला, आणि डिकीचं दार वर करून माझ्याकडे बघितलं. चढ, असं म्हणावंही लागलं नाही तिला.

मी चढले नाही. मी पुढे होऊन पेटीचा पट्टा काढला.

"मावशी, काय करतेस?"

"माझी हाय. नेते."

मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "अगं, खराब होतील तुझ्याकडे. तुमच्या लोकांना जपायची सवय नसते. राहू दे रियाकडे."

मॅडम माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला अगंतुगं, मी त्यांना अहोजाहो.

"चाळीस पावसाळे माझ्याकडंच होती, मॅडम."

कमरेची चावी सोडली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय? उद्या पाहुणे यायचेत. पापलेटचं कोण बघणार?"

"तुमच्या लोकांना येत असंल की."

पेटी डोक्यावर घेतली. रस्ता विचारत विचारत पनवेल गाठलं, तिथून मुरूडची एसटी. कंडक्टर पेटीकडे बघून म्हणाला, "काय हाय आत, आजी?" मी म्हणाले, "पुस्तकं." तो म्हणाला, "तुमची?" मी म्हणाले, "व्हय." एवढ्या एका शब्दाला मला त्या दिवशी पनवेलपर्यंत यावं लागलं.

याला आठ वर्षं झाली. चित्रकार मधल्या काळात गेले. टिटवी वाचली की बुडाली, हे आता कुणी सांगणार नाही. विचारायची वेळ आली होती आणि मी खांबामागे होते. रियावरचा राग वेगळा. हा राग माझा माझ्यावर आहे, आणि तो मी कुणाला थंड करू देणार नाही.

गेल्या आठवड्यात रियाचा फोन. गोड आवाज. "मावशी, कशी आहेस? यंदाच्या मेळाव्यात टिटवीचं प्रदर्शन आहे. सगळे अंक कुणाकडेच नाहीत गं. पेटी देशील? मी स्वतः न्यायला येते."

"मी घेऊन येईन."

"तुला झेपणार नाही. तिथे स्टेजवर बोलावं लागतं."

"बोलंन की."

"काय बोलशील?"

"तू काय बोललीस ते. आणि मी कुठं उभी होते ते."

आवाजातला गोडवा गेला. मग म्हणाली, "मावशी, जुनं कशाला उकरतेस?"

मी फोन ठेवला. नातीने आयोजकांचा नंबर शोधला. त्यांच्याशी मीच बोलले. म्हटलं, अंक माझे आहेत. अंकांपुढे पाटी लागेल. तिच्यावर माझ्या बाबांचं नाव येईल, खाली 'शाळेचे शिपाई' असं लिहून. त्याखाली माझं नाव. काय घडलं ते माइकवर मी सांगेन. रियाचं नाव घेऊन सांगेन. चालत असेल तर पेटी येईल. नसेल तर न्हाय.

त्यांनी दोन दिवस मागितले. घ्या म्हटलं.

नाही म्हणाले तरी मी जाणार आहे. तिकिटं काढलीत दोन, माझं आणि नातीचं. हॉलच्या दारात चटई टाकेन, पेटी उघडेन, वाचायला येईल त्याच्या हातात अंक देईन. विचारेल त्याला सगळं सांगेन, न विचारणाऱ्यालाही. हाकलायला आले तर मोठ्याने सांगेन.

रियाला निरोप धाडलाय. यायचं तर ये. तुझ्या माघारी बोलणार नाही. तुझ्या तोंडावर बोलायचंय.