सैतानाला हळद

"काकू, तुम्ही सैतानाला हळद लावलीत, सैतानाला!"

आमच्या मंडळाचा अध्यक्ष माझ्या आईवर ओरडत होता. आवाज असा, की अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नमधल्या यच्चयावत डेटा सेंटरांचे पंखे दचकून बंद पडले असणार. आई नुकतीच नागपूरहून आलेली. हळदी-कुंकवाची कोयरी हातात धरून ती चर्चच्या दारात उभी होती, आणि माझ्या डोक्यात जाळ झाला होता.

गणपती आम्ही या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बसवतो. वर, दारातून शिरल्या शिरल्या, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे. मध्ययुगातलं, इंग्लंडमधल्या कुठल्याशा पडक्या चर्चमधून कुणा धनाढ्याने जहाजात घालून आणलेलं. वजन इतकं, की ते जहाज तरंगत नाही, अटलांटिकच्या तळावरून चालत आलं असावं. बाजू आठ. जग सात दिवसांचं, आठवा दिवस नव्या जन्माचा, असं इथल्या पाद्रीणबाईंनी हॉलची किल्ली देताना मला सांगितलं होतं. कुंड दाराशी, कारण बाप्तिस्मा म्हणजे धर्मातलं पहिलं पाऊल. आणि बुडाशी, सगळ्या भाराखाली चिरडलेला, वेटोळं घातलेला साप. तोच सैतान.

आता मला सांगा, दाराशी कोरीव दगड, वर पाणी, खाली नाग. माझ्या आईने दुसरं काय करायचं होतं? तिने नागोबाच्या डोक्याला हळद-कुंकू लावलं, दोन अक्षता वाहिल्या, हात जोडले.

"हॉल कॅन्सल झाला तर कोण बघणार?" अध्यक्ष आता माझ्याकडे वळला. "उद्यापासून काकूंना आरतीला आणू नकोस, यार. पाद्रीणबाई आल्या तर सांगून टाकू, कोणीतरी बाहेरची होती."

बाहेरची! आदल्या दिवशी जिने सह्याद्रीएवढा मोदकांचा ढीग वळला, ज्यातला कळसूबाईपर्यंतचा भाग या गृहस्थाने एकट्याने फस्त केला, ती बाहेरची.

मी काही बोलणार तोवर तो किचनमधून भांड्यांचा साबण घेऊन आला आणि बसला घासायला. पांढऱ्या शर्टावर वरण सांडून घेतलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ठाऊक असतं, हळदीला साबण लागला की काय होतं. यालाच तेवढं ठाऊक नव्हतं. पिवळा ठिपका होता, तिथे सापाचं अख्खं मुंडकं लालभडक झालं.

तेवढ्यात पाद्रीणबाई आल्या. अध्यक्षाने साबण पाठीमागे लपवला. मी सरळ सांगितलं, "हळद माझ्या आईची. लाल रंग अध्यक्षांचा."

त्या गुडघ्यांवर बसल्या, सापाचं डोकं न्याहाळलं. "अशी कुंडं तेव्हा रंगवलेलीच असायची," त्या म्हणाल्या. "पुढे लोकांनी रंग खरवडून काढले. हॉल राहू दे तुमच्याकडे. घासणं तेवढं थांबवा."

त्या गेल्या, आणि अध्यक्षाच्या तोंडावर साखर पसरली. "काकू, उद्या आरतीला यायचं हं. तुमच्याशिवाय काय मजा?"

त्याला त्याच कुंडात आठही बाजूंनी बुचकळून काढावं, असं मला मनापासून वाटलं.

आईने कोयरीचं झाकण लावलं.

"येईन," ती म्हणाली. "तो साबण किचनमध्येच ठेवून ये."