निधनाची पट्टी

"केबलची वायर आधी काढा. फोटोत लोंबकळलेली दिसंल," आमच्या संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले. छत्री बसवायला आलेल्या माणसाने लगेच पक्कड काढली.

"थांबा," मी म्हणाले. "डिश बसवा, पण केबल राहू दे."

पेठ वडगावजवळच्या या वृद्धाश्रमाची मी मॅनेजर आहे. मुलांनो, "आजी, तू ऑफिसात करतेस तरी काय?" असं तुम्ही फोनवर विचारता, म्हणून हे लिहिते.

एका देणगीदाराने आमच्या हॉलसाठी छत्री आणि सेट-टॉप बॉक्स दिला होता. छत्री, म्हणजे डिश अँटेना, उपग्रहाकडून सिग्नल घेते आणि बॉक्स त्याचं चित्र करतो. केबलचं तसं नाही. गावातला केबलवाला वायरीने चॅनेल घरोघर पोहोचवतो आणि त्यात जिल्ह्यापुरतं एक लोकल चॅनेलही घालतो. ते उपग्रहावर नसतं, मोबाईलवरही नव्हतं. वायर गेली की तेही गेलं.

या लोकल चॅनेलवर शहरातल्या पेठांच्या आपसातल्या फुटबॉल मॅच दिसत. आणि खाली दिवसभर एक पट्टी सरकत असे: कोण वारलं, रक्षाविसर्जन कुठे आणि कधी. आपल्याकडे लग्नाला गेलं नाही तर माफ असतं, रक्षाविसर्जन चुकवलेलं माणसं विसरत नाहीत.

आमच्या हिराक्का त्या पट्टीसमोर बसून असत. बिद्रीकडे राहणारा त्यांचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता. जमिनीच्या वादापासून भाचे अक्कांचा फोन उचलत नव्हते. ऑफिसच्या फोनवरून मी लावला, तर माझा आवाज ऐकून ठेवून दिला. "ती पोरं मला सांगनार न्हाईत," अक्का म्हणायच्या. "पन गावाला दाखवाय पट्टी देतील की. तेवढं कळलं की मी जातो."

हे मी सेक्रेटरींना जसंच्या तसं सांगितलं.

ते हसले. "मॅडम, मेलेल्यांची नावं वाचायला टीव्ही ठेवलाय व्हय आपण? भजन लागतंय, कीर्तन लागतंय, ते बघू दे की त्यांना."

"अक्कांना एकच बातमी हवी आहे."

"देणगीदार खाली गाडीत थांबलेत. आता हा विषय नको."

वायर कापली गेली. देणगीदारांनी रिमोट हातात धरून फोटो काढून घेतला. त्यांच्या नावाचं स्टिकर बॉक्सवर आधीच चिकटवलेलं होतं.

संध्याकाळी आमच्याकडे राहणाऱ्या मुल्लाणी चाचांनी सगळी चॅनेल फिरवून पाहिली आणि रिमोट सोफ्यावर टाकला. "मॅडम, ह्यात दिल्लीची मॅच दिसती. माझ्या पेठेची कुठं हाय?" अक्का रोज सकाळी ऑफिसच्या दारात येऊन विचारू लागल्या, "पट्टी कवा येनार, बाई?" मी रोज सेक्रेटरींना फोन करत होते. मीटिंगमध्ये विषय घेऊ, असं ते रोज सांगत होते.

मीटिंग काही झाली नाही. एका सकाळी दूधवाले कॅन उतरवता उतरवता म्हणाले, "काल बिद्रीकडं गेलतो, अक्कांच्या भावाच्या रक्षाविसर्जनाला. गर्दी मोप हुती. पन अक्का कशा न्हाई आल्या?"

मी त्यांना खुणेने गप्प करायला गेले. अक्का माझ्या मागेच उभ्या होत्या.

"पट्टी दिलती का?" त्यांनी विचारलं.

"दिलती की. दोन दिवस फिरत हुती."

अक्का पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "म्हंजे पोरांनी सांगितलंतं. मलाच न्हाई दिसलं." मग पदर सारखा करून म्हणाल्या, "लोक म्हनत असतील, सख्खी भन असून आली न्हाई."

मी गाडी मागवली, म्हटलं, आत्ता जाऊ. "आता कशाला?" त्या म्हणाल्या. "राख बी न्हाई ऱ्हायली."

सेक्रेटरींना कळवलं. "अरेरे," ते म्हणाले, "आधी सांगायचं की, मॅडम." त्याच आठवड्यात त्यांनी केबल परत जोडून दिली. आता मुल्लाणी चाचा मॅच बघतात. पट्टी दिवसभर सरकते. अक्का हॉलमध्ये येत नाहीत.

तुम्हीही पुढे कुठेतरी सेक्रेटरी व्हाल. कोणी काही फुकट द्यायला आलं, तर त्यासाठी काय काढावं लागणार आहे ते विचारा. आणि उत्तर मिळालं, तर ते ऐका.