बेटावर बंडी कुठी सोडावी

नाई दादा, मायचे गुडघे मधात आणू नको. गेल्या शिवरात्रीच्या जत्रेले माय बेटावर गेली अन् आंघोळ न करताच वापस आली, त्यात गुडघ्यांचा दोष अर्धा. बाकीचा अर्धा आपल्या जागेचा. आपल्या गावच्या बैलबंड्या आजोबाच्या वेळेपासून जांभळीखाली सुटतात, म्हणून आजही तिथीच सुटल्या पाह्यजे, असं तू म्हणतो. आजोबाच्या वेळी नदी जांभळीच्या मुळाशी होती. आता ती सरकत सरकत बेटाच्या पार दुसऱ्या अंगाले गेली. आपण मात्र तिथीच बैल सोडतो अन् मायले म्हणतो, चाल. तापल्या रेतीत ती अर्ध्यावरच बसली, तू तिले उचलून बंडीत ठेवलं. यंदा तर तू सांगूनच टाकलं का तिले नेत नाई.

म्हणून मी स्वतः जाऊन पाहून आलो. जे पाह्यलं ते लिहून राह्यलो. गावात आणखी कोणाचे म्हातारे बेटावर जायचे असतील तर त्यांनाही वाचून दाखवजो.

इथी सिरोंच्याच्या अंगाले मी लाकडाच्या ट्रकवर आहो, अन् ट्रक महिन्यातून दोन-तीनदा आष्टीवरून जाते. या खेपेले मी ड्रायव्हर रहीमभाईले म्हटलं, मले आष्टीले उतरवा अन् वापसीत घ्या.

"नहाने जा रहा है? इधर नदी नहीं है क्या?"

"नहाने नहीं, जगह देखने. बंडी छोडने की जगह."

रहीमभाईनं ट्रक पुढच्या नाल्यात उतरवली. नाला पार केला अन् म्हणाले, "लोग मकान की जगह देखते हैं, दुकान की देखते हैं. तू बैल की जगह देखने चला है."

सडक मुरुमाची, अन् नाल्यांवर पूल नाई. ट्रक खाली उतरते, पाण्यात थोडी थांबते, मग गुरगुरत वर चढते. आलापल्लीपर्यंत दोन्ही अंगानं सागच साग, पानं झडलेली, त्यामुळं जंगल आरपार दिसते. आलापल्लीले चहा अन् भजे खाल्ले, दोन आण्यात. भजे गरम मागून घ्यावे, नाईतर सकाळचे देतात. आष्टीले एका भल्या माणसाच्या पडवीत झोपलो.

सकाळी चामोर्शीकडं जाणारी एक रिकामी बंडी भेटली. बंडीवाल्याचं नाव लटारीभाऊ. बेटापर्यंत नेऊन आणायचा एक रुपया ठरला. बैल मोठे अन् शांत, लटारीभाऊ त्याहून शांत. धानाच्या बांध्या कापून मोकळ्या झालेल्या, त्यांत लाखोरीचं पीक निळं फुललेलं. वाटेत त्यानं विचारलं, "जत्रा तर अजून लागली नाई. बेटावर काय काम?"

"जागा पाहाची आहे."

"कोणतं गाव तुमचं?"

मी सांगितलं.

"मंग तुमची जागा जांभळीखाली आहे ना. पाहाचं काय त्यात?"

पाह्य दादा, परक्या माणसालेही माहीत आहे.

बेटाआधीची धार गुडघाभर होती, बैल न बुजता उतरले. वर चढलं का सगळ्या गावांच्या जागा दिसतात. माणूस एकही नाई, पण जुन्या चुलींचे दगड जिथले तिथी. जांभळीखाली आपलेही होते. तिथून पाण्याकडं पाह्यलं तर पाणी चाकूच्या पात्यावानी चमकत होतं, तेवढं दूर. मी तिथून अनवाणी चालून पाह्यलं. मले काही झालं नाई, पण मी माय नाई.

पहिली रेती पाह्यली ती बेटावरच्या देवळाजवळची. पाणी पायरीले लागून, खोलही नाई. पण दुकानदारांनी आताच खुंटे ठोकून ठेवले आहेत. बत्ताशाचं दुकान मांडणारा एक जण बांबू सोलत होता. म्हणाला, "इथी बंडी नाई सुटत. बैलानं शेपटी मारली का माहे बत्ताशे नदीत." त्याचंही खरंच होतं.

दुसरी रेती खालच्या अंगाले. तिच्यासारखी रेती मी उभ्या जन्मात पाह्यली नाई. पांढरी, बारीक, अन् पाणी असं पातळ पसरलेलं का तळाचा एकेक खडा मोजावा. मी लटारीभाऊले म्हटलं, हीच. तो म्हणाला, "पाहा बाप्पा." बंडी दोन बंड्यांइतकी आत गेली अन् चाक आखापर्यंत फसलं. बैल उभेच्या उभे. मग बंडीतली धानाची तणीस काढून चाकाखाली पसरली, मी मागून रेटलं, त्यानं बैलांशी हळूहळू बोलत बोलत बंडी काढली. माह्यावर एक शब्द चिडला नाई. म्हणून सांगतो, कोरडी पांढरी रेती पायाले चांगली, चाकाले नाई.

तिसरी जागा वळणावर सापडली. तिथी रेतीतून मुरूम वर आला आहे. चाक नुसतं कुरकुरते, आत जात नाई. बंडी पाण्याले भिडते. पाण्यात एक सपाट दगड आहे, पाटाएवढा. बंडी उलटी लावली तर मायनं मागून पाय खाली सोडला का दगडावर, अन् दगडावर बसली का कमरेएवढं पाणी. मी बसून पाह्यलं. आपल्या उंबऱ्यावरून अंगणात उतरण्याएवढंच अंतर.

पण ती जागा रिकामी नाई. जंगलातल्या एका गोंड गावाची आहे. ते शिवरात्रीले आपले देव नदीवर न्हायले आणतात, अन् आधी येऊन जागा झाडतात. तिथी मैनाबाई नावाची एक म्हातारी काटे उचलत होती. बाकीचे लोक लाकडं आणाले गेले होते.

"जोहार बाई."

"जोहार. दगडावर बसून कोणाची वाट पाहात होता?"

मी सगळं सांगितलं. मायचे पाय, जांभळीची जागा, तुहं म्हणणं, सगळं.

"किती बंड्या?"

"एकच."

"मंग सोड. पण आमच्या बंड्यांच्या गोलात बंडी सुटली का आमच्याच हंडीतलं खा लागते. वेगळी चूल नाई. गोलात दोन चुली झाल्या का आमचे देव पाण्यात उतरत नाई."

"अन् मायनं नाई खाल्लं तर?"

"मंग जांभळीखाली," म्हातारी म्हणाली. "तिथी तुह्या आजोबाची चूल आहे ना."

तिनं माह्याकडं थोडं पाह्यलं. "माय खाईल का नाई ते माय सांगेल. तू खाते का, ते पाहू दे."

मी बसलो. पळसाच्या पानावर भात अन् अंबाडीची भाजी, आंबट, तिखट, गरम. भूक होती, पटपट खाल्लं. ती म्हणाली, "हळू खा. बैल अजून बसलेच आहेत." लटारीभाऊनं बंडीवरच आपली भाकर सोडली, इकडं पाह्यलं नाई.

वापसीत त्यानं बैल धारेपार काढले. मग म्हणाला, "घरी सांगशान का, खाल्लं म्हणून?"

"सांगीन."

"नका सांगू. मायले आंघोळ घाला, भाताचं तिथल्या तिथी पाहून घ्या. तुमच्या म्हातारीले कळत बी नाई कोणाच्या हंडीतला हाय तर."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण मले ते पटलं नाई. मायले फसवून आंघोळ घालायची, तर ती आंघोळ आपली झाली, तिची नाई. अन् मैनाबाईलेही फसवल्यासारखं होते.

आष्टीले ट्रक आली. रहीमभाईनं विचारलं, "मिली जगह?"

"मिली. पर खाना साथ में खाना पडेगा."

"फिर तो जगह अच्छी है," म्हणाले, अन् गेर टाकला.

आता सिरोंच्याले येऊन आठ-दहा दिवस झाले. लाकडं चढवताना मले ना देऊळ आठवत, ना ती पांढरी रेती. तो दगड आठवते, अन् त्याच्या अंगानं फिरून जाणारं पाणी.

तर दादा, हे मायपुढं बसून वाच. हंडीची गोष्ट वगळू नको. वाचून झाल्यावर तू बोलू नको, तिले बोलू दे. हो म्हणाली तर शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळीच पोहचा, उशीर झाला का धारेपाशी बंड्यांची गर्दी होते. बंडीवर चटईचं छत बांधजो. हंडीत टाकाले दोन पायल्या तांदूळ न्या, रिकाम्या हातानं जाऊ नका. मैनाबाईले माहं नाव सांगा, दगडावर बसलेला म्हणजे ओळखते. नाई म्हणाली, तर तिले काही म्हणू नको, अन् मलेही तसं लिहून पाठव, मी पुन्हा शोधीन.

बंडीचं भाडं, तांदूळ, अन् न्हाल्यावर नेसाले एक नवं लुगडं, सगळं धरून मनीऑर्डर करून राह्यलो. ती तुह्या नावानं नाई, मायच्या नावानं केली आहे. बावीस रुपये.