हिरवा बाऊल न्यायचा नाही

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. फक्त जे घडलं ते लिहितोय.

२०१६. सिंगापूरमध्ये तोआ पायोहला अकराव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट होता. मी तुआसला एका प्लांटमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर. माझ्या बायकोला, मेधाला, जुन्या काचेच्या भांड्यांचा नाद... रंगीत सरबताचे ग्लास, नक्षीच्या ताटल्या, बाऊल. बहुतेक सगळं एका म्हाताऱ्या चिनी अंकलच्या दुकानातून आणलेलं. मी तिथे कधी गेलो नव्हतो.

मार्चमध्ये मेधा गेली. कॅन्सर. शेवटचं वर्षभर हॉस्पिटल सोडून ती कुठेच गेली नव्हती.

त्यानंतर मी कामावर जात होतो, जेवत होतो, झोपत होतो. रडू काही आलं नाही. नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी अचानक ठरवलं – पुण्याला परत जायचं. कुणाला बोललोही नव्हतो. मेधाच्या डायरीतून नंबर काढून अंकलला फोन केला. तिचं नाव, पत्ता सांगितला आणि म्हटलं, सगळी काच घेऊन जा. "टुमॉरो कॅन," एवढंच म्हणाला.

शनिवारी सकाळी अकराला आला. एकेक भांडं वर्तमानपत्रात गुंडाळू लागला. मी कपाटातून काढून देत होतो. फिकट हिरवा फळांचा बाऊल पुढे केला, तर त्याने हात मागे घेतला. तो त्याच्या इंग्रजीत बोलत होता, मी मराठीत लिहितोय.

"हा नाही, सर. मॅडम म्हणाल्या, हिरवा घरीच राहू दे."

"कधी म्हणाली?"

"मागच्या आठवड्यात. दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या, मिस्टर फोन करतील, सगळं देतील. हा तेवढा घेऊ नका."

"अंकल, ती मार्चमध्ये वारली."

तो हळूच म्हणाला, "त्याच होत्या, सर. फक्त केस एवढेच राहिलेत आता." आणि बोटाचं पेर दाखवलं.

त्याने पाहिलेली मेधा लांब वेणीवाली. केमोनंतर नुकते उगवलेले केस त्याने पाहणं शक्यच नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. बरंही वाटलं नाही. मी एवढंच विचारलं, "धाप लागली होती का तिला?"

"नो लाह. आमच्याकडे लिफ्ट नाही, तरी तीन जिने चढून आल्या. बसल्यासुद्धा नाहीत."

शेवटी शेवटी तिला बाथरूमपर्यंतही धरून न्यावं लागायचं...

मी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. बाऊल टेबलावर ठेवून, बाकीची काच घेऊन गेला.

म्हातारा गोंधळला असेल, असं माझा भाऊ म्हणतो. असेलही. पण मी फोन करणार हे आठवडाभर आधी मलाच माहीत नव्हतं. याचं उत्तर आता मी शोधत नाही.

एकच गोष्ट मनातून जात नाही. त्या दुकानापासून आमचं घर बसने चार स्टॉप. तिथवर आली होती... मग घरी का नाही आली?